ह. मु. सुरत

तर झालं असं की, माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. मागच्या आठवड्यात घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्रिकेचं प्रूफ येऊन पडलं. गणपती, कुलदैवत, चि. सौ. कां., सगळं जागच्या जागी. आणि आजोबांच्या नावाखाली नेहमीची ओळ: रा. प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार, ह. मु. सुरत.

पुतणीने त्याखाली एवढंच लिहिलं, "आबा, इथे 'रा. सुरत, मूळ गाव प्रकाशा' करा ना. मी प्रकाश्याला कधी राहिलेलीच नाही."

झालं! रात्री अकरापर्यंत ग्रुप पेटलेला. पोरगी शिकली की गाव विसरते, इथपासून ते आजोबा असते तर त्यांना काय वाटलं असतं, इथपर्यंत. आबांनी तर व्हॉइस मेसेजच टाकला, "गावनं नाव काढी टाकं, मंग ऱ्हायनं काय?" मी तेव्हा गप्प बसलो. ग्रुपवर मोठ्यांशी वाद घालायचा नाही हा आमच्या घरचा नियम. पण इथे लिहायला कोणाची बंदी नाही. तुमच्यापैकी निम्मे लोक नात्यातलेच आहात, तेव्हा हे वाचून राग आला तर हक्काने फोन करा. :)

माझं म्हणणं सरळ आहे. पुतणी बरोबर आहे. त्या पत्रिकेवरचं 'ह. मु.' खोटं आहे. आणि नुसतं खोटं नाही, ते सोयीचं खोटं आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. माणूस मूळचा इथला, पण सध्या, तात्पुरता, तिकडे. आमच्या खान्देशात लग्नपत्रिका, देवळातल्या देणगीच्या फरशा, दशक्रियेची पत्रं, सगळीकडे ही दोन अक्षरं सापडतील. तापीकाठच्या गावांत सगळ्यात जास्त सापडेल ते 'ह. मु. सुरत'.

आता आमच्या नानांचा हिशोब मांडतो. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, पुतणीचे आजोबा. जन्म १९५५. १९७२ च्या दुष्काळानंतर दोन वर्षं कशीबशी काढली आणि १९७४ साली नंदुरबारहून गाडीत बसून ते उधन्याला उतरले. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, सुरतेतच गेले. म्हणजे १९ वर्षं प्रकाशा आणि ५१ वर्षं सुरत. एक्कावन्न वर्षं 'हल्ली'? मंडळी, एवढ्या काळात पंतप्रधान किती झाले मोजा!

डिप्लोमाची तीन वर्षं मी नानांच्या घरी राहिलो. त्यामुळे हे ऐकीव नाही. नाना आधी लूमच्या खात्यात होते. सुरतेत पॉवरलूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे सहा-आठ लूम, आणि कानात तो खटखटाट घरी आल्यावरसुद्धा. म्हणून नाना मोठ्याने बोलायचे. गावात आले की लोक म्हणायचे, सुरतला जाऊन आवाज चढला. आवाज चढला नव्हता हो, कान गेले होते! नंतर डाईंग मिल, नंतर मुलाने भरतकामाची दोन मशीनं टाकली. काकू घरी बसून साड्यांचे धागे कापायची, टिकल्या चिकटवायची, नगावर पैसे. १९८० च्या दशकात लिंबायतच्या पुढे बारा बाय चाळीसचा प्लॉट घेतला. आधी पत्रे, मग स्लॅब, मग वरचा मजला. तिन्ही टप्प्यांना काकूची बचत लागली आहे.

आणि हे एकट्या नानांचं नाही. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा ही सुरतेची दक्षिण-पूर्व उपनगरं. तिथे गल्लीच्या गल्ली धुळे, नंदुरबार, जळगावच्या आहेत. शेजारी तेलुगू विणकर, उत्तर प्रदेश-बिहारचे लोक, ओडिया कामगार. १९६१ च्या जनगणनेत सुरत शहर २.८८ लाखांचं होतं. २०११ च्या जनगणनेत ४४.६७ लाखांचं. पंधरा पटींहून जास्त. शहराची हद्द वाढली हे खरं, पण ही पंधरा पट काही सुरतच्या जुन्या पोळांत जन्मली नाही. ती बाहेरून आली, आणि त्यात आपले लोक अगदी सुरुवातीपासून आहेत.

ते सुरतेलाच का गेले, याचंही उत्तर अवघड नाही. तापी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारासच सुरतेला जोडली गेली. नंदुरबारहून उधना साधारण दीडशे किलोमीटर. मुंबई-पुणे त्याच्या दुपटीहून लांब. १ मे १९६० ला राज्यांची वाटणी झाली, पश्चिम खान्देशातली काही गावं गुजरातेत गेली. निझर आज तिकडे आणि नंदुरबार इकडे. नवापूरच्या स्टेशनावर तर फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. रेषा नकाशावर पडली, पण बाजाराची आणि पोटाची वाट तीच राहिली. त्यात आपल्याकडची तऱ्हा बघा. प्रकाश्याला तापीवर बॅरेज बांधलं, सारंगखेड्याला बांधलं. पाणी अडलं, तुडुंब दिसतं, फोटो छान येतात. पण ते शेतावर चढवणाऱ्या उपसा योजना वर्षानुवर्षं बंद. नदीकाठच्या माणसाने नदी बघत बसायचं, आणि पोरगा नदीच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचा!

म्हणजे घर, मतदान, रेशनकार्ड, मुलांच्या शाळा, नातवंडांचे जन्म, सगळं सुरतेत. श्रावणात कानबाई सुरतेत बसते, मिरवणूक सुरतेत निघते. आखाजीला लेकी माहेरी येतात, पण ते माहेरही आता डिंडोलीत असतं. सकाळी लोचो आणि रात्री कळण्याची भाकरी, असं ते घर आहे. लिंबायतमधून २०१२ पासून संगीता पाटील आमदार म्हणून निवडून येतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत, आणि सुरतेचा बराच भाग त्या मतदारसंघात येतो. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, पण मुक्कामाला आलेल्या माणसांच्या वस्तीतून असं कोणी निवडून येत नाही. ते रहिवाशांचं काम आहे.

आता येतो मूळ मुद्द्यावर. आपण कोणाला ह. मु. लावतो?

आमच्याच भावकीत एक डॉक्टर पुण्यात आहेत. पंधरा वर्षं झाली. त्यांच्या घरच्या पत्रिकेवर 'पुणे येथे स्थायिक' असं छापलं होतं. एक भाऊ अमेरिकेत आहे, आठ वर्षं झाली, अजून व्हिसाची कटकट चालू आहे. पण गावात त्याची ओळख काय? 'अमेरिकेत सेटल झालाय.' व्हिसावरचा माणूस सेटल, आणि एक्कावन्न वर्षं घरपट्टी भरणारा माणूस हल्ली मुक्काम! म्हणजे हा शब्द काळ मोजत नाही, पगार मोजतो. फ्लॅटवाला स्थायिक आणि लूमवाला मुक्कामी.

राज्याच्या पातळीवर बघाल तरी तेच. बडोद्याच्या मराठी माणसाला आपण बडोदेकर म्हणतो, कौतुकाने. सयाजीरावांचं नाव येतं, ग्रंथालयं येतात, २०१८ साली ९१ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन बडोद्याला भरलं. छानच झालं. पण उधन्याच्या मराठी माणसाला कोणी उधनेकर म्हटलेलं ऐकलंय? तो 'सुरतला कामाला'. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार होते. त्यांना अण्णा भाऊ मिळाले, नारायण सुर्वे मिळाले. १९८२ चा संप कथा-कादंबऱ्यांत, नाटकात, सिनेमात आला. लालबाग-परळ मराठी मनात कायमचं वसलं. सुरतेच्या लूमवर दोन पिढ्या बहिऱ्या झाल्या, त्यांच्याबद्दल तुम्ही शेवटचं मराठीत काय वाचलंत? मी स्वतःला विचारलं आणि गप्प बसलो.

"पण शब्दात काय आहे एवढं?" असं आमची फुई म्हणाली. फुई, सांगतो.

१९९४ चा सप्टेंबर आठवा. सुरतेत प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. नानासुद्धा काकू आणि दोन पोरांना घेऊन प्रकाश्याला आले. का आले? कारण ते स्वतःला ह. मु. समजत होते. संकट आलं की मुक्काम सोडायचा आणि घरी जायचं. आणि घराने काय केलं? आठ दिवस त्यांना मळ्यातल्या झोपडीत ठेवलं. भाकरी बांधावर ठेवून यायचो, मी स्वतः ठेवलेली आहे. लोक घाबरले होते, मी त्यांना आज दोष देत नाही. रोगच तसा होता. पण त्या आठ दिवसांबद्दल नाना पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि आपणही नाही. ज्याच्या पत्रिकेवर 'रा. प्रकाशा' त्याला प्रकाश्याच्या वेशीबाहेर ठेवलं, एवढं लक्षात असू द्या.

पुढे २००६ चा ऑगस्ट. उकाईतून पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली. नानांची गल्ली नदीपासून लांब, तिथे तापी पोचली नाही. या वेळी नाना पळाले नाहीत. गल्लीने पोळ्या लाटल्या, भाजी केली आणि टेम्पोतून अडाजणकडे पाठवली. आणि २०२० च्या टाळेबंदीत? मी फोन करून म्हटलं, नाना, गावी या, शेत आहे, मोकळी हवा आहे. नाना म्हणाले, "घर सोडून घरी कुठे जायचं रे?" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक कागदावर ह. मु. लिहिलं, त्याच्या तोंडून शेवटी हे आलं. १९९४ ते २०२० या सव्वीस वर्षांत काय बदललं ते या एका उत्तरात आहे.

बरं, भावना बाजूला ठेवू. व्यवहार बघू. या मधल्या अवस्थेची किंमत मुलं मोजतात. आईवडिलांचा जातीचा दाखला महाराष्ट्राचा, मुलाचा जन्म गुजरातचा. अनुसूचित जाती-जमातीची सवलत स्थलांतर केल्यावर दुसऱ्या राज्यात सोबत जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितलं, २०१८ मध्ये घटनापीठाने पुन्हा सांगितलं. इकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला मागायला गेलं की १५ वर्षांचं वास्तव्य दाखवा. म्हणजे तिकडे तुम्ही बाहेरचे आणि इकडे तुम्ही गेलेले. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? त्या शाळांतल्या मुलांना पुस्तकं, शिक्षक, पुढची वाट काय मिळते, हे कोणत्या मराठी पुढाऱ्याने विचारलंय? कोणी विचारणार नाही. कारण सगळ्यांच्या डोक्यात ते लोक 'हल्ली' तिकडे आहेत. हल्लीच्या माणसाची जबाबदारी कोणावरच नसते. धर्मशाळेतल्या पाहुण्याची असते तेवढीच.

आता विरुद्ध बाजू. ती मांडली नाही तर तो वाद कसला?

पहिली गोष्ट, खुद्द नानांना हे आवडलं नसतं. खरं आहे. ते जुने होते, मला माहीत आहे ते रागावले असते. कानबाईच्या देणगीवर, मुलाच्या लग्नपत्रिकेवर, सगळीकडे त्यांनी स्वतःच्या हाताने ह. मु. लिहिलं. परक्या भाषेच्या शहरात, लूमच्या गोंगाटात, त्या दोन अक्षरांनी त्यांना धीर दिला असेल. आपल्याला परत जायला जागा आहे, एवढा धीर. तो त्यांचा हक्क होता. पण आजोबांचा धीर नातीच्या गळ्यात पत्ता म्हणून का बांधायचा? तिला त्या धीराची गरज नाही. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, गुजराती फाडफाड बोलते, आईशी अहिराणी बोलते, आणि आपण कुठल्या हे तिला पक्कं माहीत आहे. उलट ती 'मूळ गाव प्रकाशा' लिहा म्हणतेय. गाव पुसा असं तिने म्हटलेलंच नाही! ग्रुपवर तिची ओळ अर्धीच वाचली गेली.

दुसरी गोष्ट, शेतीची. हे ग्रुपवर कोणी उघड लिहिलं नाही, पण मला खासगीत दोन फोन आले. "रा. सुरत लिहायचं तर मग हिस्सा पण सोडा म्हणावं." म्हणजे पोटातलं ओठावर आलं. तर ऐका, सातबाऱ्यावर वारसाचं नाव नात्याने लागतं, मुक्कामाने नाही. सुरतेत राहिलं काय आणि सिंगापुरात राहिलं काय. आणि हिशोबच काढायचा तर तोही काढू. विहिरीची मोटार, घराचा नवा स्लॅब, आबांचं ऑपरेशन, यात सुरतेचे पैसे किती आहेत ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मागे राहिलेल्यांनी आजी-आजोबांचं केलं, गुरं-शेत सांभाळलं, हेही तितकंच खरं, आणि त्याचं मोल पैशात होत नाही. पण दोघांनी एकमेकांचं देणं मान्य करायचं की एकाने दुसऱ्याला पाहुणा म्हणायचं?

तिसरी गोष्ट माझ्या सुरतेच्या मंडळींसाठी, कारण एकाच बाजूला बोलणं बरं नाही. ह. मु. हा शब्द खरोखर कोणाला लागू आहे माहीत आहे? अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याच्या डोंगरातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बारडोलीच्या पट्ट्यात कोयता घेऊन ऊस तोडायला जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांना. उघड्यावर पडाव, प्लास्टिकची खोपटी, पोरं फडात. पावसाच्या आधी परत. यान ब्रेमान नावाच्या डच अभ्यासकाने या तोडकऱ्यांवर अनेक वर्षं लिहिलं आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याच्या १६.४८ लाख लोकांपैकी जवळजवळ ७० टक्के आदिवासी. आपल्या गप्पांत 'सुरतला गेलेले खान्देशी' म्हटलं की त्यांच्यातलं कोणी आठवतं का? डिंडोलीतल्या आपल्याच गल्लीत त्यांना भाड्याने खोली मागितली तर आपले लोक काय उत्तर देतात, हे मी तीन वर्षं कानांनी ऐकलंय. तेव्हा सुरतकरांनो, गावाने तुम्हाला मुक्कामी म्हटलं म्हणून रडताना, तुम्ही कोणाला दारातून परत पाठवता तेही बघा.

राहता राहिला 'गावनं नाव काढी टाकं' हा प्रश्न. आबा, प्रकाशा इतकं लेचंपेचं आहे का, की एका पत्रिकेने पुसलं जाईल? दक्षिण काशी म्हणतो आपण. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर, तापी-गोमाईचा संगम. काशी केली तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणतात. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे पर्वणी. १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी आपल्या टेकाडाचं उत्खनन केलं, तेव्हा तळात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची ताम्रपाषाण वस्ती निघाली. त्या थरांत माळव्याच्या धाटणीची खापरं आहेत आणि जोर्वेच्या धाटणीचीही. कोणीतरी तिकडून आलं, कोणीतरी इकडून. आपल्या गावच्या गुजर शेजाऱ्यांची बोली ऐका, तिच्यात गुजरातीचं वळण आहे. ते कधीतरी आले, राहिले आणि प्रकाश्याचे झाले. त्यांच्या दारावर कोणी ह. मु. लिहीत नाही, आणि लिहूही नये. मग आपण गेलो, राहिलो आणि तिथले झालो, यात लाज कसली?

नानांच्या वेळचा प्रसंग सांगून थांबतो. त्यांचा दाह सुरतेत तापीकाठीच झाला. अस्थी मात्र प्रकाश्याला संगमावर आणल्या. मोठ्यांची इच्छा होती, आम्ही मान ठेवला. गंधमुक्तीच्या दिवशी दारावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बिचारा परक्या गावात गेला." काकू आत होती. तिने ऐकलं. पन्नास वर्षांचा संसार, मुलगा-सून, नात, गल्लीतले दोनशे लोक जे दाहाला आले होते, आणि हे म्हणतात परक्या गावात! काकू त्या रात्री मला एवढंच म्हणाली, "मला इथे आणू नका रे. तिकडेच तापीत सोडा. तीच तापी आहे."

तर मंडळी, पत्रिका अजून छापायची आहे. माझं मत मी इथे नोंदवलं. रा. सुरत, मूळ गाव प्रकाशा. दोन्ही खरं, दोन्ही आपलं. ज्यांना पटत नाही त्यांनी लग्नाला यावं आणि लिंबायतच्या त्या घरात चार दिवस राहून बघावं. शेवभाजी काकूच्या हातची आहे.

असो. आबा, रागावू नका. फोन करतो.